मशक ओली कशी?

३ एप्रिल, बुधवार

मशक ओली आहे!

मेणाचा गोळा शोधायला जिन्याखालच्या खोलीत गेलो. मुलगा घर सोडून गेला तेव्हापासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं. खुंटीला त्याची पाणी वाहायची मशक तशीच लटकलेली. म्हटलं, एव्हाना वाळून लाकूड झाली असेल, चिरा पडल्या असतील. बोकडाचं कातडं ते, पाणी तोडलं की मरतं. बघायची हिंमत नव्हती, पण हात गेलाच. आणि हाताला काय लागलं? मऊ! गार! खाली कातड्याच्या पायाला मारलेल्या गाठीवर एक थेंब लोंबत होता.

दोन महिने कोरडी टांगलेली मशक आपोआप पाझरत नाही. उभा जन्म मशका वाहण्यात आणि शिवण्यात गेला, मला कोण शिकवणार!

हिला विचारलं. "दमट हवेने असेल," म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. दमट हवा! बाहेर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात.

कुठेतरी पाणी मुरतंय.

४ एप्रिल, गुरुवार

आज नीट पाहिली. खोलीत उजेड कमी, म्हणून दिवा नेला. कातड्याला बाहेरून ताजी चरबी चोळलेली—तीही चांगली, खवट नाही. पट्टा दोन भोकं आत घेतलेला. माझा मुलगा ताडमाड. त्याच्या पट्ट्याला आत घ्यायची गरज नाही. म्हणजे वापरणारा ठेंगणा आहे. खुंटीखाली घमेलं पालथं घातलेलं. हात पोचत नसणार. ठेंगणाच!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ओलीची रेघ मशकेच्या अर्ध्यावर. अर्धी मशक! अर्धी मशक कोणी पाठीवर घेतं का? भरलेली पाठीला चिकटून बसते, लेकरासारखी. अर्धी डचमळते, चालणाऱ्याला डावीउजवीकडे ओढते. नवशिका तरी असणार, नाहीतर लबाड. गिऱ्हाइकाला अर्धं पाणी घालायचं आणि पुरं म्हणायचं.

माझ्या घराण्याच्या नावावर अर्धी मशक!

५ एप्रिल, शुक्रवार

झोप नाही. म्हणून लिहितो.

मुलगा गेला तो भांडून. त्याला रबरी पिशव्या आणायच्या होत्या. हलक्या पडतात, म्हणाला, शिवावं लागत नाही, वास येत नाही. मी म्हटलं, रबरातलं पाणी उन्हात कढतं. कातड्यातलं घाम गाळतं आणि गार राहतं. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या कातड्याचा जमाना गेला." मी म्हटलं, "मग तूही जा." तो गेला! नळ टाकणाऱ्या टोळीत लागलाय म्हणे, लांब कुठेतरी. सूनबाई इथेच. दिवस काढतेय बिचारी.

त्या दिवशी मी भर दारात बोललो होतो—या मशकेला जो हात लावेल तो माझा कोणी नाही. घरातल्यांनी ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं. म्हणजे घरातलं कोणी हात लावणार नाही. बाहेरचा आहे.

पण बाहेरच्याला दार कोण उघडतं?

६ एप्रिल, शनिवार

मशका शिवतो त्या दुकानातून मधल्या सुट्टीत काठी टेकत हौदावर गेलो. गुडघा बोंबलत होता. त्याला म्हटलं, बोंबल.

मुकादम हौदाच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेला. तिथल्या पाळ्या तोच सांभाळतो. कोणी आधी भरायचं, कोणती गल्ली कोणाची. विचारलं, "माझ्या मुलाची पाळी गेली असेल ना रे?"

"गेली कशाने? मशक येते की रोज."

"कोण आणतं?"

झालं! मशकवाले भरत होते ते सगळे एकदम गप्प. एकाने पाण्यात तोंड घातलं आणि हसून घेतलं. मुकादम म्हणाला, "काका, मशक येते, भरते, जाते. हौदाला तेवढं पुरतं. तुम्ही चहा घेणार?"

ताकास तूर लागू दिली नाही! मी आलो की गप्प, मी वळलो की खसखस. सगळे सामील आहेत.

हौदाचा कायदा मला ठाऊक आहे, तो माझ्या बापासमोर ठरला. रोज भरली जाते त्या मशकेची पाळी राहते. पण उन्हाळाभर ती ज्याच्या पाठीवर येते, पावसाळा लागला की पाळी त्याची. मग मुलगा परत आला तरी त्याने हौदावर उभं कुठे राहायचं? वरच्या गल्लीच्या सगळ्या पायऱ्या, सगळी दारं—माझ्या बापाची, माझी, त्याची—एका ठेंगण्या चोराच्या घशात!

बोलताना बोललो मी, की तू जा. पाळी जावी असं कधी म्हटलं?

८ एप्रिल, सोमवार

आज पोटाचं दुखणं सांगून दुकानातून लवकर निघालो. सूनबाई दारातच. मला बघून उंबऱ्यात आडवीच आली.

"मामंजी! इतक्या लवकर?"

"माझंच घर आहे ना?"

जिन्याखाली गेलो. खुंटी रिकामी!

"मशक कुठाय?"

"ती... उन्हात टाकलीय. वास येत होता."

उन्हात! मशकवाल्याच्या घरची सून आणि मशक उन्हात टाकते! शेंबड्या पोरालाही कळतं, ऊन लागलं की शिवण उलते. खोटं बोलावं तर पटेल असं तरी बोलावं. मी गच्चीकडे निघालो तर म्हणते, "तुमच्यासाठी आधी पाणी आणते, बसा, गुडघा बघा केवढा सुजलाय." गुडघा बघता बघता ही आली मेहुणीकडून, दमलेली, घामाघूम. मेहुणी बरेच दिवस आजारी आहे, ही रोज सकाळी तिचं करून येते. मी पाणी पिऊन उठलो तर मशक खुंटीला! ओली!

म्हणजे चोर आत आला, मशक टांगली आणि गेला. मी पाणी पीत असताना! सूनबाईने मला मुद्दाम बसवलं.

मला तिच्याबद्दल असं लिहायला आवडत नाही. पोर गुणाची आहे. पण लिहिलं.

९ एप्रिल, मंगळवार

सूनबाईचा भाऊ. ठेंगणा!

इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही? गवंड्याच्या हाताखाली काम करतो, काम सध्या बंद आहे. रिकामा बसलाय. बहिणीचा नवरा गेला, पाळी मोकळी, मशक मोकळी. सूत जुळतं.

१० एप्रिल, बुधवार

दुकानात आज एक ट्रकवाला आला. त्याला छोटी मशक हवी, ट्रकच्या पुढे बांधायला. धावत्या वाऱ्याने पाणी बर्फासारखं होतं, म्हणतो. त्याच्या जुनीला मधोमध भोक पडलेलं. म्हटलं, नवी कशाला? भोकात गुळगुळीत खडा घातला, बाहेरून कातडं मुरडून दोऱ्याने आवळलं. "बस्स? एवढंच?" म्हणाला. म्हटलं, एवढंच. तोंड धरून फुंकली, पाण्यात दाबली, एक बुडबुडा नाही. खूष होऊन गेला.

असं भोक बरं. दिसतं, सापडतं, आवळता येतं.

११ एप्रिल, गुरुवार

साडू भेटला. मेहुणीचं कसं आहे विचारलं तर म्हणतो, "ठणठणीत आहे, तिला काय धाड भरलीय?" याला बायकोचं दुखणं सांगायची लाज वाटते! आधीपासूनच लपवाछपवीचा माणूस. हिला सांगितलं नाही. उगीच बहिणीच्या काळजीने खचेल.

१२ एप्रिल, शुक्रवार

वरच्या गल्लीत जाऊन आलो. मधे तीनदा पायरीवर बसलो. शेवटच्या मजल्यावरची शिंपीण माझं जुनं गिऱ्हाईक. तिच्या रांजणात मी पाणी ओतलं, मग मुलाने. तिला विचारलं, "पाणी येतं का?"

"येतं की. अर्धी अर्धी मशक, पण दोनदा येतं. रांजण भरतो माझा. कधी थेंब कमी नाही."

मी थक्क. मग लबाडी कुठे राहिली? एका दाराला दोन खेपा! एवढ्या पायऱ्या दोनदा चढायच्या! चोर असं कशाला करेल?

"आणतं कोण?"

तिने सुई तोंडात धरली. माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला खरंच माहीत नाही?" म्हणाली, हसायला लागली, आणि एकदम जीभ चावली. "मला काही विचारू नका भाऊ. त्या हातचं पाणी पिते, शपथ मोडायची नाही."

शपथ! शपथेवर चाललंय सगळं!

उतरताना कोडं सुटलं. अर्धी घेऊन दोनदा जातो कारण पुरी पेलत नाही. शिकतोय! भाऊ मशक शिकतोय. आत्ता अर्धी, मग पाऊण, पावसाळा लागेपर्यंत पुरी पेलेल. आणि गिऱ्हाइकं खूष ठेवतोय, म्हणजे कोणी तक्रार करणार नाही. पोहोचलेला आहे!

१३ एप्रिल, शनिवार

बेत केला. उद्या दुकानाला सुट्टी. पहाटे हौदावर जायचं आणि हातगाडीच्या आड बसायचं. रंगेहाथ धरायचा. कोणाला सांगितलं नाही. फक्त हिला सांगितलं, कारण सकाळी मी दिसलो नाही तर घाबरेल.

१४ एप्रिल, रविवार

उजाडल्यापासून हातगाडीच्या आड. पाठ आखडली. एक कुत्रं येऊन माझ्या पायावर झोपून गेलं. सगळे मशकवाले आले, भरून गेले. बायका घागरी भरून गेल्या. मशक पुरुषांच्या पाठीवर, घागर बायकांच्या कमरेवर, हौदाची रीतच आहे. म्हणून मी फक्त पुरुषांची तोंडं बघत होतो. मुलाची मशक आली नाही. मुकादमाने जाताना हातगाडीकडे बघून हाक मारली, "काका, कुत्र्याला उठवा, ऊन आलं त्याच्यावर."

घरी आलो तर मशक खुंटीलाच. मी पहाऱ्यावर आणि मशक घरी!

बातमी फुटली. मी फक्त हिला सांगितलं होतं. हिने सूनबाईपाशी बोलून दाखवलं असणार. भोळी आहे, पोटात काही राहत नाही. आणि सूनबाईने भावाला.

हिला रागावलो. म्हणाली, "चुकलं माझं." इतक्या पटकन ही कधी कबूल करत नाही. वाईट वाटलं असेल.

१६ एप्रिल, मंगळवार

साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. पुरावा हवा.

शिवणीला आम्ही राळ आणि काजळीचा लेप लावतो. वाळला की हाताला लागत नाही. पण घामाने, अंगाच्या उबेने मऊ होतो आणि मग जिथे चिकटतो तिथून महिनाभर हलत नाही. माझ्या नखांतला तर माझ्याबरोबरच जाईल. काल दुकानातून डबी आणली. मुलाच्या मशकेच्या पट्ट्याला आतून लेप दिला, पातळ. पाण्याला लागणार नाही असा. पाणी खराब करणारा मी नव्हे, चोर पकडायचा म्हणून का होईना.

आता ज्याच्या खांद्यावर काळी रेघ, तो.

लेप देताना एक लक्षात आलं. आत घेतलेल्या भोकांपाशी पट्टा झिजलाय, आतून गुळगुळीत झालाय. कोणी फार दिवस, रोज, न चुकता वापरलाय. मुलगा गेला त्याच आठवड्यापासून असणार.

१८ एप्रिल, गुरुवार

आज घरात फार झालं.

सूनबाईचा भाऊ बहिणीला भेटायला आला. मी गोड बोलून बसवला. म्हटलं, "शर्ट काढ रे जरा. मशकेचं माप घ्यायचंय, तुझी पाठ बरोबर आहे."

"मला मशक कशाला काका?"

"गिऱ्हाइकाची आहे. तुझ्याच अंगलटीचा आहे."

काढला बिचाऱ्याने. दोन्ही खांदे उघडे. मी दोरी लावतोय, फिरवतोय, पाहतोय. कोरे! काखेतसुद्धा पाहिलं. तो गुदगुल्या होऊन हसायला लागला. चुन्याचे डाग, बाकी काही नाही.

तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "खाली जाड कापड घेतोस काय? हुशार आहेस. पाळी हवी ना माझ्या मुलाची?"

त्याला काही कळेना. सूनबाई मोरीतून बाहेर आली, हात ओले. मी तिलाही बोललो. दार तूच उघडतेस, मशक तूच देतेस, नवऱ्याची जागा भावाला देतेस. ती माझ्याकडे बघेचना. हिच्याकडे बघत होती, टक लावून. काहीतरी बोला, असं.

ही म्हणाली, "जाऊ दे गं." बस्स, एवढंच.

सूनबाईने पिशवी भरली. जाताना पाया पडली, आणि वर उठून म्हणाली, "मामंजी, कातडं कुठे चिरलंय ते तुमच्या हाताला अंधारातही कळतं. घरात कुठे चिरलंय ते डोळ्यांनी दिसत नाही." आणि भावाबरोबर गेली.

ही जेवली नाही. मीही नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

सूनबाई नाही. तिचा भाऊ नाही. दाराला कुलूप मी लावलं, एक किल्ली माझ्याकडे, एक हिच्याकडे.

मशक ओली!

२० एप्रिल, शनिवार

आता मला भीती वाटायला लागलीय. माणसांवरचा संशय संपला की काय उरतं?

दुकानात चुकीच्या जागी टाका घातला. मालक म्हणाला, "म्हातारबा, तब्येत बरी नाही का?" घरी ही एकटीच सगळं करते. उचलाउचल, झाडलोट, पुन्हा सकाळी मेहुणीकडे. म्हटलं, एक दिवस जाऊ नकोस. "न जाऊन कसं चालेल?" म्हणाली. "तिकडे वाट बघतात."

भांडं उचलायला तिने दोन्ही हात लावले. मी पाहिलं. म्हातारे झालो आम्ही.

२१ एप्रिल, रविवार

संध्याकाळी ही माझ्याकडे पाठ करून बसली. "मानेखाली जरा चोळून द्या. रोज सूनबाई द्यायची. माझा हात पोचत नाही."

तेल घेतलं. कापड बाजूला केलं. उजव्या खांद्यापासून पाठीवर तिरकी, दोन बोटं रुंद काळी रेघ. तिच्याखाली कातडी सोललेली.

चोळत राहिलो.

"अहो, एकाच जागी किती वेळ!"

मग जिन्याखाली गेलो. पट्ट्यावरची काजळी खरवडून काढली, आतून मऊ कापडाची दुहेरी घडी शिवली. सकाळी पहिलं काम, सूनबाईला आणायला जाणं. दारात उभा राहीन, तिला जे बोलायचं ते बोलू दे. खुंटी उपटली आणि हातभर खाली ठोकायला घेतली.

"काय ठोकताय हो?" वरून ही.

"खुंटी," म्हटलं. "उंच होती."

वर भांड्यांचा आवाज थांबला.